मार्चमधली उजनी: उशीर झालाय का? होडी घ्यावी की काठावर बसावं?

चाफेकळी
नमस्कार. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात भिगवणला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर पक्षी बघायला जायचा विचार आहे. आम्ही तिघं: मी, नवरा आणि सातवीतली लेक. लेकीला पक्ष्यांची फार ओढ. सोसायटीच्या गच्चीवरून दिसतील तेवढे तिचे बघून झाले, आता तिला पाणपक्षी हवेत.

दोन-तीन शंका आहेत. सगळे म्हणतात डिसेंबर-जानेवारीतच जायला हवं होतं, मार्चमध्ये निम्मे पक्षी परत गेलेले असतात. खरं आहे का? माझ्याकडे ७०-३०० लेन्स आहे, तेवढी पुरेल का? आणि होडी घ्यावी की काठावरूनच बघावं?

शेवटचं विचारायला कारण आहे. ओळखीतल्या एकांनी सांगितलं, होडीवाल्याला थोडे जास्त पैसे दिले की तो रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा उठवून देतो, मग उघड्या गुलाबी पंखांचे फोटो मिळतात. ते ऐकल्यापासून मन खट्टू झालंय. तिथे सर्रास असं चालतं का? चालत असेल तर लेकीला नेऊन तेच दाखवायची माझी इच्छा नाही.

शेकाट्या
उशीर झालेला नाही. रोहितांसाठी तर मार्चच भरवशाचा.

कारण पाण्यात आहे. उजनीची साठवण साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातलं जवळपास ५४ टीएमसी उपयुक्त, बाकीचं मृत साठ्यात. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असतं तेव्हा काठालाही पाणी खोल असतं. रोहिताला चोच उलटी धरून तळाचा गाळ चाळायचा असतो, त्यासाठी त्याला उथळ पाणी लागतं. हिवाळा सरता सरता शेतीची आवर्तनं सुटतात, नदीतूनही पाणी सोडतात, पातळी उतरू लागते, आणि मग कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला लांबच लांब चिखल उघडा पडतो. त्यात किडे, अळ्या, शंखगोगलगायी, शेवाळ सगळं असतं. ज्या वर्षी पाऊस जास्त त्या वर्षी पाणी उशिरा उतरतं आणि रोहितही उशिरा येतात. म्हणून कॅलेंडरपेक्षा धरणाची टक्केवारी बघा, पेपरात येते.

बदकं मात्र कमी होत जातात. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक अजून मिळतील. चक्रवाकांच्या जोड्या मिळतील. पट्टकदंब हंस मार्चच्या मध्याला दिसले तर नशीब समजा.

गोदाकाठ
चाफेकळी, होडीचं मनाला लागत असेल तर आमच्या नांदूर मध्यमेश्वरला या ना! निफाड तालुक्यात, गोदावरी-कादवाच्या संगमावर. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून २०२० मध्ये जाहीर झालं ते हेच. चापडगावच्या बाजूने पायी फिरायचं, मनोऱ्यावर चढून बघायचं. जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपक्षी, वारकरी यांची तर रेलचेल.

चाफेकळी
गोदाकाठ, यादीत नक्की. पण लेकीचं रोहितांवर अडलंय :-)

रानजाई
मार्चच्या बाजूने माझंही एक मत. जानेवारीत जे पक्षी मळकट, एकसारखे दिसतात ते मार्चमध्ये पिसारा बदलायला लागतात. कुरव (गल) पक्ष्याचंच उदाहरण घ्या. हिवाळाभर ज्याच्या कानामागे नुसता काळसर ठिपका असतो, त्याचं अख्खं डोकं गडद तपकिरी होतं. मालगुजाच्या मानेवर विटकरी रंग चढतो. गायबगळ्याच्या डोक्यावर केशरी, पिवळ्या डोक्याच्या धोब्याच्या नराचं डोकं पिवळंधमक. एकाच थव्यात कुणी पूर्ण बदललेला, कुणी अर्धवट, कुणी अजून हिवाळ्यातलाच. लेकीला वहीत चित्रं काढायची सवय असेल तर याच्यासारखी संधी नाही.

येता-जाता पळस आणि पांगाऱ्याच्या झाडांकडे लक्ष असू द्या, भोरड्या (गुलाबी मैना) असतात. संध्याकाळी ऊसपट्ट्यावरून भोरड्यांचे थवे वळतात ते बघायला मिळालं तर परतीची घाई करू नका.

टेलीफोटो
थवा उठवण्यावरून इथे नेहमीच गहजब होतो म्हणून थोडं वेगळं बोलतो. मी बरीच वर्षं फोटो काढतोय. थवा उठतो, एक गिरकी घेतो आणि दोनशे मीटरवर जाऊन परत बसतो. दलदल ससाणा आला की असंच होतं, मत्स्यगरुड डोक्यावरून गेला तरी बदकं उठतात. निसर्गात हे रोजचंच आहे. आणि उडत्या रोहितांचे फोटो बघूनच हजारो लोक भिगवणला यायला लागले, त्यातून गावाला चार पैसे मिळाले, तळ्याचं महत्त्व कळलं. फोटो नसता तर कुणाला काय पडलं होतं?

ड्रोनच्या मात्र मी साफ विरोधात आहे.

शेकाट्या
टेलीफोटो, फोटोंमुळे लोक जोडले गेले हे शंभर टक्के मान्य. बाकीच्यावर मात्र मतभेद आहे.

ससाणा दिवसातून कधीतरी येतो. रविवारी सकाळी होड्या एकीमागून एक येतात आणि प्रत्येकीतला माणूस म्हणतो, माझा एकच फोटो. त्या थव्याच्या बाजूने बघा. रोहित जागेवरून भुर्रकन उडत नाही, त्याला पाण्यावर धावत जाऊन वेग घ्यावा लागतो. ते बळ त्याने चिखल चाळून मिळवलेलं असतं. तो दोनशे मीटरवर बसला तरी तिथे तसाच चारा असेल याची खात्री नाही, आणि बसून पुन्हा चोच खाली जाईपर्यंत पुढची होडी आलेली असते.

त्यातून मार्च म्हणजे निघायच्या तयारीचे दिवस. लांब पल्ल्याचे पक्षी या काळात अंगावर चरबी साठवतात, तीच प्रवासाची शिदोरी. पट्टकदंब हंसांची वीण लडाख, तिबेट, मंगोलियात होते. वाटेत हिमालय आहे. यंत्रं बसवून केलेल्या अभ्यासात हे हंस ७,००० मीटरच्या वर उडाल्याची नोंद आहे. त्या पक्ष्याला निघायच्या आदल्या आठवड्यात आपण दिवसभर उठबस करायला लावतो. मला हे पटत नाही आणि कधी पटणारही नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. थवा निवांत चरत असेल तर बहुतेक माना खाली असतात. आपण जास्त जवळ गेलो की एकेक मान वर येते, मग सगळ्याच येतात, आणि थवा एका दिशेने चालायला लागतो. पहिल्या पाच-सहा माना वर आल्या की होडी थांबवायची. चालू लागेपर्यंत वाट बघायची नाही.

रानजाई
शेकाट्या, +१. मानांची खूण लेकीला जरूर सांगा चाफेकळी, मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर टिपतात.

मेपलपान
ओंटारियोतून लिहितोय. आमच्याकडे ईरी सरोवराच्या काठी पॉइंट पिली म्हणून एक टोक आहे, जमिनीची निमुळती जीभ पाण्यात गेलेली. मे महिन्यात दक्षिणेकडून येणारे इवलेसे पक्षी रात्रभर सरोवर ओलांडून पहाटे तिथे उतरतात. थकलेले असतात, कधीकधी अगदी हाताच्या अंतरावर, जमिनीवरच. गर्दी प्रचंड, पण लोक पायवाट सोडत नाहीत. कुणी सोडली तर शेजारचाच माणूस हटकतो. तेवढा वचक बास होतो.

वसंत म्हटलं की इथे सगळे पाहुण्यांची वाट बघतात, आणि उजनीत त्याच दिवसांत पाहुणे निघायच्या तयारीत. शेकाट्यांचा प्रतिसाद वाचताना हे प्रकर्षाने जाणवलं. मी पुण्यात वाढलो, पण भिगवणला तेव्हा कधी गेलो नाही.

भीमाथडी
मी या भागातलाच, म्हणून चार गोष्टी लिहितो.

उजनी १९८० साली झाली. आमच्या आज्याचं गाव, घर, विहीर सगळं पाण्याखाली गेलं. पाणी लईच खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, तेव्हा म्हातारी माणसं तिथं जाऊन बसत्यात. अशा वेळी उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत लोक पिकं काढत्यात आणि तिथंच हंस चरायला उतरत्यात. म्हणजे ते पाणी आमचं पण हाय आणि पाखरांचं पण.

आता होडीवाल्यांचं. ती पोरं मासेमारी करणारी. मासेमारीत आता पहिल्यासारखं राहिलं नाही. सकर मासा एवढा माजलाय की जाळं फाटतं आणि त्याला बाजारात कुणी विचारत नाही. मग शनिवार-रविवारच्या पर्यटकांवर घर चालतं. हीच पोरं तुम्हाला लांबनं पाखराचं नाव सांगत्यात, पुस्तक न बघता. थवा उठवायला कोण सांगतं? गिऱ्हाईक सांगतं. नाही म्हणलं तर तोंड वाकडं करून पुढच्या वेळी दुसऱ्याची होडी धरतं. तुम्ही होडीत बसायच्या आधीच सांगा की थवा उठवायचा नाही, आम्हाला लांबूनच बघायचंय. ते पोरगं खूश होईल. डिझेल वाचतं, पाखरू टिकतं, पुढच्या रविवारी पुन्हा गिऱ्हाईक येतं. उद्या पाखरू दुसरीकडं गेलं तर आमचंच नुकसान, हे आम्हाला कळतं.

टेलीफोटो
भीमाथडी, हा मुद्दा पोहोचला. गिऱ्हाइकाकडून सुरुवात व्हायला हवी हे बरोबर. तरी माझं म्हणणं राहतंच की अंतर ठेवून, पक्षी आपणहून उठतील त्या क्षणाची वाट बघत उडते फोटो काढता येतात आणि ते काढावेत. उडता फोटो म्हणजेच पाप, असा सूर नको.

शेकाट्या
असा सूर माझा नाहीच. सकाळ-संध्याकाळ जागा बदलायला थवे आपणहून उडतात, तेव्हा खुशाल काढा. त्या उड्डाणात पक्षी रांगेत, एका लयीत असतात. घाबरून उठलेला थवा विस्कटलेला असतो, फोटोतही ते दिसतं.

भाकरी_कालवण
सगळे पक्ष्यांच्या खाण्यावर बोलताय, माणसांचं काय? भिगवणला जाऊन चिलापीचं कालवण, गरम भाकरी न खाता परत येणाऱ्याला टोलनाक्यावर अडवायला पाहिजे.

सोलापूरकर
भाकरी_कालवण, मासे जरूर खा, पण पाण्याचा रंगही बघा. मुळा-मुठेचं सगळं सांडपाणी भीमेतून उजनीत येतं. उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी कमी झालं की शेवाळ वाढून पाणी हिरवंगार होतं, वासही येतो. पुणेकर मंडळी पक्षी बघायला येतात तेव्हा आपल्याच नाल्यांची भेट घेऊन जातात. हेच पाणी खाली आमच्याकडे पिण्याला येतं.

चाफेकळी
सोलापूरकर, हे लेकीला मुद्दाम दाखवणार आहे. आमच्या घरातलं पाणी कुठे जातं हे शाळेच्या पुस्तकात नकाशावर आहे, इथे डोळ्यांनी बघेल.

प्रकाशछाया
लेन्सचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. ७०-३०० पुरेल. फक्त एकट्या पक्ष्याचा, डोळ्यातली चमक दिसणारा फोटो काढायचा हट्ट सोडा. ३०० ला रोहितांचा थवा, मागे पाणी, क्षितिजावर ऊस, एखादा जाळं टाकणारा होडीवाला असा फोटो ६०० च्या लेन्सवाल्याला मिळत नाही. मला स्वतःला असेच फोटो जास्त आवडतात, त्यात जागा कळते.

मार्चच्या मध्याला सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो. त्याच्या आधी पाण्यावर असा. पहिला दीड-दोन तास सोन्यासारखा. नऊ वाजून गेले की उन्हाने तापलेल्या पाण्या-चिखलावरून हवा थरथरायला लागते आणि लांबचा पक्षी कितीही महाग लेन्स लावली तरी मऊच येतो. लोक कॅमेऱ्याला दोष देतात, दोष हवेचा असतो. त्या वेळी लांबचे सोडा, जवळचे शेकाटे, धोबी, कवड्या धीवर बघा.

होडीत उभे राहू नका, बसून काढा. जितके पाण्याच्या जवळ तितका फोटो पक्ष्याच्या नजरेतून येतो. होडी हलत असते म्हणून बसलेल्या पक्ष्यालाही शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या खाली आणू नका, उडत्याला १/२००० ठेवा, आयएसओ वाढला तर वाढू द्या. पांढरा बगळा किंवा रोहित गडद पाण्यावर असेल तर कॅमेरा फसतो आणि पांढरी पिसं जळतात, तेव्हा उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) उणे पाऊण-एकवर न्या. तोच पक्षी फटफटीत आभाळावर उडत असेल तर उलट, अधिकमध्ये न्या. रोहिताच्या पंखातला गुलाबी आणि काळा एकदम सांभाळायचा तर रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइल) मध्ये काढलेलं बरं.

होडी की काठ? दोन्ही. सकाळी होडी, आणि दुपारनंतर काठावर एका जागी ठाण मांडा. सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडा, मळकट रंगाचे कपडे घाला, आणि अर्धा तास हलू नका. तुतवार आणि टिलवे हे चिखलातले बारके पक्षी चरत चरत स्वतःच जवळ येतात. मग ७०-३०० सुद्धा मोठी वाटायला लागते.

रानजाई
प्रकाशछायांच्या प्रतिसादाला जोडून एक कळकळीची विनंती. होडीतून मधल्या उघड्या पडलेल्या बेटांवर उतरू नका. मार्चपासून नदी सुरय आणि छोटे आर्ली हे पक्षी अशाच वाळू-चिखलाच्या उंचवट्यांवर अंडी घालतात. घरटं म्हणजे जमिनीत नुसता खळगा, अंडी मातीच्याच रंगाची. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. नदी सुरय आज जगाच्या पातळीवर असुरक्षित गटात गणला जातो. फोटोसाठी बेटावर उतरून चटईवर नाश्ता करणारे लोक मी बघितलेत, आणि वर सुरय ओरडत घिरट्या घालत होते. पक्षी डोक्यावर ओरडत घिरट्या घालतोय म्हणजे तुम्ही त्याच्या अंड्यांजवळ आहात.

वीण बघायचीच असेल तर चित्रबलाकांची बघा. भिगवणजवळ भादलवाडीच्या तलावातल्या बाभळींवर त्यांची वसाहत असते, आणि इंदापुरात तर भर वस्तीत चिंचेच्या झाडांवर. लांबून, दुर्बिणीतून, कुणाला त्रास न देता दिसतं.

तात्या
दुर्बीण नेणार आहात ना? ८ बाय ४२ ची एक तरी न्या. लेकीच्या हातात कॅमेऱ्यापेक्षा दुर्बीण द्या.

आणि जीवरक्षक जाकीट. उन्हाळ्यात उजनीवर दुपारनंतर वारं अचानक उठतं. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशीच्या मध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. जाकीट नसेल तर होडीत पाय ठेवायचा नाही, पोहता येत असलं तरी. सकाळीच जाऊन या.

भीमाथडी
तात्या बरोबर बोलले. तो दिवस इकडं कुणी विसरलेलं नाही. जाकीट मागून घ्या, लाजू नका.

शेवंता
कुरवांना शेव-फरसाण टाकू नका हे कुणी लिहिलंच नाही! होडीत पुडा फोडला की पक्षी भोवती गोळा होतात, हातभर अंतरावरून फोटो मिळतात, सगळ्यांना गंमत वाटते. तळलेलं, खारट बेसन त्यांच्या पोटात कशाला? मासे खाणारा पक्षी आहे तो.

गोदाकाठ
शेवंता, +१०. आमच्याकडे घाटावरही हेच चालतं.

मास्तरीणबाई
चाफेकळी, एक सुचवते. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर लेकीच्या यादीचं खातं काढा, तुमच्या देखरेखीखाली. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून चालू आहे. फेब्रुवारीत चार दिवसांची परसबागेतली पक्षीगणना असते. या दोन्हींमुळे हिवाळ्याच्या नोंदी बऱ्या असतात. मार्च-एप्रिलमध्ये लोकांचा उत्साह ओसरतो आणि कोणता पक्षी कधी निघाला हे नेमकं तेव्हाच नोंदायचं असतं. माझे विद्यार्थी मार्चमध्ये दर आठवड्याला गावच्या तळ्यावरची बदकं मोजतात. एखाद्या आठवड्यात तलवार बदक शून्य झालं की वर्गात केवढी चर्चा होते!

चाफेकळी
सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन आलो.

होडीत बसायच्या आधीच सांगितलं की थवा उठवायचा नाही. होडीवाला दादा हसला, म्हणाला बरं झालं सांगितलंत. त्याने बऱ्याच अंतरावर इंजिन बंद केलं आणि बांबूने होडी ढकलत नेली. लेक माना मोजत होती. चार वर आल्या तेव्हा तिनेच हात वर करून थांबवलं. मग आम्ही तिथेच बसून राहिलो. थोड्या वेळाने माना खाली गेल्या आणि थवा चरत चरत आमच्याच बाजूला सरकला. त्यांच्या चोचींचा पाण्यातला चुळुकचुळुक आवाज मला माहीतच नव्हता, कुठल्याच फोटोत तो नसतो. काही राखाडी रंगाचे होते, ती पिल्लं का?

हंस नाही दिसले. चक्रवाक दिसले, थापटे दिसले, तपकिरी डोक्याचे कुरव सगळ्या टप्प्यांतले दिसले. जाकिटं दादाने न मागता दिली. चिलापी खाल्ली.

काठावर एक बारकासा पक्षी दिसला, चिमणीएवढा, वरून सरसकट राखट-तपकिरी, छातीवर मळकट पट्टा, पोट पांढरं. एकटाच, चिखलाच्या कडेने हळूहळू चरत होता. लेकीने 'छोटा टिलवा' लिहिलंय, मला खात्री नाही. फोटो जोडलाय.

शेकाट्या
राखाडी होते ते अल्पवयीन रोहित. गुलाबी रंग खाण्यातून येतो, पूर्ण चढायला काही वर्षं लागतात.

टिलव्याचे पाय कोणत्या रंगाचे? फोटोत चिखलाने माखलेत.

चाफेकळी
दुसरा फोटो टाकलाय, त्यात पाण्यातून बाहेर येताना दिसतोय. पाय पिवळट-हिरवट वाटतात.

शेकाट्या
मग तो टेमिंकचा टिलवा. छोट्या टिलव्याचे पाय काळे असतात, तो बहुधा घोळक्यात, भराभर धावत टिपत चरतो. एकटा, सावकाश, कडेकडेने, पाय पिवळट आणि छातीवर असा पट्टा, हे सगळं टेमिंकच्याच बाजूचं. लेकीला सांगा वहीत दुरुस्ती करून ईबर्डवर फोटोसकट नोंद टाकायला.

मास्तरीणबाई
आणि वेळही टाकायला सांगा. किती वाजता दिसला?

चाफेकळी
दुपारी साडेचार. तिने वहीत आधीच लिहिलंय, आणि शेजारी एक धोबीही होता असं सांगते आहे.